न घेतलेल्या गोळ्या

१६ जानेवारी, शुक्रवार

फसवलं मला! आई-बाबा दोघांनी मिळून. ठाकुर्लीला मावशीकडे हळदीकुंकू आहे म्हणून आईने साडी नेसवली, निऱ्या घालून दिल्या, गजरा माळला. रिक्षा ठाकुर्लीला वळलीच नाही. थेट कल्याण. हॉस्पिटल, मानसोपचार विभाग. केसपेपरच्या रांगेत मी — जरीची साडी आणि गजरा!

डॉक्टरबाई नीट बोलल्या, त्याचाही रागच आला. सायकोसिस म्हणाल्या, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येण्याचा आजार. गणपतीपासून आवाज येतोय म्हणजे पाच महिने झाले. "लवकर आलीस ते बरं केलंस." आले? आणलं मला! गोळ्या लिहून दिल्या, दहा-दहाची तीन पाकिटं, रोज एक. शिवाय त्यांच्या टीममधली सोशल वर्कर दर बुधवारी घरी येणार. सुरुवातीलाच उपचार झाले तर कॉलेज सुटत नाही म्हणे. माझं सुटून दोन महिने झालेत.

तो आवाज काय बोलतो ते विचारलं. एवढंच सांगितलं, की घरचं खाऊ नकोस म्हणतो, आई त्यात काहीतरी घालते. आई तिथेच रडायला लागली. मला अजिबात दया आली नाही.

२१ जानेवारी, बुधवार

सोशल वर्कर आली. वैशाली नाव, कोपरीची, तिशीची असेल. ताई म्हण म्हणाली. मी म्हटलं, गोळी घेणार नाही.

"ठीक आहे. जबरदस्ती नाही. पण का घ्यावी ते मी दर बुधवारी सांगणार, तुला कंटाळा येईपर्यंत. आणि तुझ्यामागे मी काहीही करणार नाही. हा शब्द."

बघू किती टिकतो शब्द.

आईने बिल्डिंगमध्ये काय सांगितलंय? की ती पार्लरवाली आहे, घरी येऊन फेशियल करते! समोरच्या शुभदाकाकूंनी तिला जिन्यातच गाठलं, आयब्रो करशील का म्हणून. ती बिचारी म्हणे, "अहो काकू, मला दोरा पण धरता येत नाही." हसू आलं मला. मग इतका संताप आला! माझ्या आजारापेक्षा माझ्या भुवया सांगायला बऱ्या!

२८ जानेवारी, बुधवार

नाही घेतली. नाही घेणार.

११ फेब्रुवारी, बुधवार

वैशालीताई आजही तेच बोलून गेली. कंटाळली नाही अजून. तिन्ही पाकिटं आईच्या कपाटात तशीच पडली आहेत. बाबा रोज विचारतात, "घेतलीस का गं?" गणपतीत हेच म्हणत होते, अभ्यासाचं टेन्शन आहे, झोप काढ! आई हल्ली विचारत नाही. सुटले.

जेवताना ताक करते, भरपूर जिरेपूड घालून. मी आधी वास घेते. आता सवयच लागली आहे. जिऱ्याचाच येतो.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

काल दिवसभर तो बोलला नाही. आजही नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

गेला तो! एकही गोळी न घेता!! सकाळी धडा वाचला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, मध्ये कोणी काही बोललं नाही. म्हणजे मला काही झालेलंच नव्हतं. डॉक्टर चुकल्या. परवा वैशालीताई आली की पाकिटं तिच्या हातात ठेवणार. घे म्हणावं परत, आणि पुढच्या बुधवारपासून येऊ नकोस.

२५ फेब्रुवारी, बुधवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिणार.

वैशालीताईला बसवलं. आईला म्हटलं, पाकिटं काढ. तर ती, "राहू दे गं आता, चहा घ्या." मीच कपाट उघडलं. पाकिटं हलकी लागली. दोन पूर्ण रिकामी, तिसऱ्यातली एक गोळी गेलेली. एकवीस दिवस!

आई ओरडली, "तू घेत नव्हतीस ना! भिंतीशी बोलताना किती दिवस बघायचं मी तुला? ताकात घातली. रोज एकच."

वैशालीताई पांढरी पडली. "काकू, हे आम्ही सांगितलेलं नाही! असं करायचं नसतं." मग माझ्याकडे वळून, "क्षिप्रा, माझंही चुकलं. पाकिटं मी दर आठवड्याला बघायला हवी होती."

बाबा म्हणाले, "पण गुण आला ना? मग आता कशाला वाढवतेस?"

गुण आला! मी समजत होते मी बरी झाले. मला बरं केलं, न विचारता, मांजराला औषध पाजतात तसं. सोमवारचा माझा सगळा आनंद खोटा.

आणि सहा महिने तो जे सांगत होता, ते आईने खरं करून दाखवलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

केळी, संत्री, पुड्यातली बिस्किटं. जे मी सोलेन, मी फोडेन तेवढंच. आई दाराबाहेर ताट ठेवते आणि उचलून नेते. रडते. रडू दे.

२ मार्च, सोमवार

आला. पहिलंच वाक्य — सांगत होतो ना?

खरंच सांगत होता.

४ मार्च, बुधवार

वैशालीताई तासभर बसली. गोळीचं नावही काढलं नाही. डॉक्टरांना काय सांगितलं ते मला शब्दन् शब्द सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट. मी भिंतीकडे तोंड करून बसले होते. तो मध्ये मध्ये बोलत होता, त्यामुळे अर्धंच ऐकू आलं. भीती वाटते मला. लिहिलं शेवटी.

६ मार्च, शुक्रवार

सकाळी तो म्हणाला, वैशालीनेच आईला ताकाचं सुचवलं.

खोटं! कपाट उघडलं तेव्हा मी तिथे होते. तिचा चेहरा मी पाहिला.

म्हणजे तो खोटंही बोलतो.

ताईला फोन केला. दुपारी नवं पाकीट घेऊन आली. मी फोडलं. मी घेतली.

आईशी अजून बोलत नाही.