सुमीची बोटं

१२ जानेवारी १९६१, घणसोली
सुमी आली, आठ महिन्यांनी. विहिरीवर सगळ्या बायका तिच्याभोवती. ती जिचे केस करते त्या सिनेमातल्या नटीचा, बाईंचा, तो उंच अंबाडा आमच्या सुमीने बांधलेला, हे पार ठाण्यापर्यंत माहीत. माझ्या वर्गातल्या पोरीही तसाच बांधून येतात. हेडमास्तर म्हणाले, "मास्तर, बहिणीला आवरा." दहा वर्षांपूर्वी ती मुंबईला स्टुडिओत लागली तेव्हाही हेच म्हणाले होते. तिथे केस करणारे सगळे पुरुष. बाईमाणूस ही पहिली.

१४ जाने.
शेजारच्या हिराचे केस कुरळे करत होती. चिमटा निखाऱ्यावर तापवलेला. कातडी जळाल्याचा वास आला. बोट चिमट्याला चिकटलेलं, आणि ही हिराशी हसत बोलतेय! मी ओरडलो. तिने बोटाकडे पाहिलं.
"दादा, मना कललाच नाय."

१७ जाने.
ठाण्याला डॉक्टर. कोपराजवळ फिकट चट्टा. डोळे मिटायला लावून टाचणी टोचली. तिला काहीच...
महारोग. लिहिला शब्द एकदाचा.
गोळ्या आहेत, वर्षानुवर्षं घ्यायच्या. वेळेत आलात, म्हणाले. बोटांची जाणीव परत येईल? "सांगता येत नाही."

२ फेब्रु.
आईला सांगितलेलं नाही. सुमी ताट-तांब्या वेगळा ठेवते. आईला वाटतं, मुंबईची मिजास. आज जोरात भांडण. सुमीने ऐकून घेतलं. मीही गप्प बसलो. लाज वाटते.

१९ फेब्रु.
बाईंची मोटार गावात. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम दुसऱ्या कुणाला डोक्याला हात लावू देत नाहीत. शूटिंग थांबलंय." सुमी आत. ताप आहे, असं सांगितलं मी. "उद्या परत येतो," म्हणून गेला.
सुमी बाहेर आली. "त्यांना खरा सांगते, दादा."
"सांगितलंस तर पुन्हा कुठेच उभं करणार नाहीत."
"आन नाय सांगितला त?"


२० फेब्रु.
सकाळीच गाडी. सुमी तयार, बोटाला पट्टी. मी येतो म्हटलं.
"नको. तू आलास त मी रडन."
गेली. बाईंना काय सांगणार, ते मी विचारलं नाही. धीरच झाला नाही.
संध्याकाळचे सहा. संध्याकाळपर्यंत येते म्हणाली होती; खाडीकडच्या रस्त्यावर कुणी नाही. आई विचारतेय, सुमीचा भात टाकू का.