किल्ली पोहोचेपर्यंत

अल्लाच्या नावाने, जो जीव देतो आणि आपल्या सवडीने परत मागतो.

लिहून ठेवणार: हमदुल्ला इसाक होडेकर, वय वर्षे सदुसष्ट, धंदा लाँचच्या इंजिनांची दुरुस्ती (आता बंद) व गरीने मासे गरवणे (चालू), मूळ राहणार जयगड, जिल्हा रत्नागिरी, हल्ली मुक्काम रास अल खैमा. हे मृत्युपत्र मी माझ्या हाताने आणि माझ्या अकलेने लिहीत आहे. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, उलट जवळजवळ सगळ्यांच्या सांगण्याविरुद्ध. माझे डोके ठिकाणावर आहे. छातीबद्दल कोणी काही सांगितले असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

हा कागद एका बैठकीत झालेला नाही. सत्तावीस जानेवारीला सुरू केला, आज वीस फेब्रुवारीला पुरा करतो आहे. मधले चोवीस दिवस कशात गेले ते पुढे येईलच.

कलम पहिले. मी मेल्यावर मला इथेच, खाडीच्या बाजूच्या कब्रस्तानात दफन करावे. माझा मुलगा जहूर दुबईत कंपनीत नोकरीला आहे आणि त्याला मोठमोठे बेत सुचतात. मला पेटीत बर्फ घालून आगबोटीने जयगडला न्यावे असा बेत सुचला तर त्याने तो सोडून द्यावा. बर्फात मासळी नेतात. मी आयुष्यभर मासळी वर काढली आहे, आता तिच्या जागी जाऊन पडणार नाही.

कलम दुसरे. माझी सगळी हत्यारे तय्यब पावसकर याला द्यावीत. तय्यब माझ्या हाताखाली शिकला, आज चार पोरांचा बाप आहे आणि त्याचे स्वतःचे गॅरेज आहे. हत्यारे पेटीत क्रमाने लावलेली आहेत, क्रम मोडू नये. अर्ध्या इंचाचा पाना पेटीत मिळणार नाही. तो तय्यबनेच १९५९ साली खाडीत पाडला. तोही मी त्याला दिला आहे, त्याने बुडी मारून काढून घ्यावा.

कलम तिसरे. पत्र्याच्या डब्यातल्या पैशातून कफनाचा खर्च करावा. उरेल ते जहूर आणि माझी मुलगी अजरा यांनी शरियतप्रमाणे घ्यावे. यावर मला जास्त काही लिहायचे नाही.

कलम चौथे, घराबद्दल. हे कलम सत्तावीस जानेवारीला मी असे लिहिले होते: "जयगडचे माझे दोन खोल्यांचे कौलारू घर मी अजराला देतो." लिहून सही करणार, तेवढ्यात मनात शंका आली. शंका आली की मी झोपू शकत नाही. इंजिनाच्या बाबतीतही माझे असेच होते.

आमच्यात शंका विचारायला एकच माणूस, कमरुद्दीन मुकादम. तो तांदळाच्या पेढीवर मुनीम आहे, पण तरुणपणी रत्नागिरीला अकरा वर्षे वकिलाकडे कारकून होता. कायदा त्याला नमाजासारखा पाठ आहे. कागदावर खोटे अक्षर लिहीत नाही अशी त्याची ख्याती. एकदा मालकाने सांगूनही त्याने पोत्यांचा आकडा वाढवून लिहिला नाही आणि दोन महिने घरी बसला. अडचण एवढीच होती की सहा वर्षे आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो.

न बोलण्याचे कारण एक हेकरू. इथे त्याला हमूर म्हणतात. १९५८ च्या थंडीत बंदराच्या दगडी धक्क्यावर आम्ही दोघे शेजारी गरवत होतो आणि एवढा मोठा मासा लागला की दोघांचेही दोर ताणले. वर काढला तर तोंडात दोन गऱ्या. माझी घशात, त्याची ओठाला. मी म्हटले, गरी ज्याची खोल, मासा त्याचा. तो म्हणाला, हातात ज्याच्या पडला त्याचा, आणि पहिला हात माझा पडला. आम्ही भांडत राहिलो आणि तय्यबने तेवढ्यात तो मासा चिरून लाँचवरच्या खलाशांना कालवण करून घातले. मासा संपला, भांडण राहिले. तेव्हापासून आम्ही एकाच धक्क्याच्या दोन टोकांना एकमेकांकडे पाठ करून बसत होतो.

मी त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. तो म्हणाला, "कोण मेलं?"

"अजून कोणी नाही. आत येऊ का?"

त्याने कागद वाचला आणि चष्मा काढला. "हमदू, हे घराचं कलम चालणार नाही. वारसाला मृत्युपत्राने काही देता येत नाही आपल्यात. जहूरने हरकत घेतली की खलास. दोन हिस्से त्याचे, एक अजराचा. तो घर विकणार आणि पोरीच्या हातात थोडे पैसे ठेवणार."

जहूर विकणारच. मुंबईला खोली घ्यायची हे त्याने दहा वेळा बोलून दाखवले आहे. तो वाईट मुलगा नाही. पण त्याला स्वतःचे दार आहे, आणि दार असलेल्या माणसाला दाराची किंमत कळत नाही. अजराचा नवरा वारला त्याला पाच वर्षे झाली. ती दिराच्या पडवीत झोपते. मध्ये गोणपाटाचा पडदा आहे. छत्तीस वर्षांची बाई गोणपाटामागे झोपते आणि मला लिहिते की अब्बा, माझे छान चालले आहे. ते पत्र मी जपून ठेवले आहे आणि ते वाचले की मला अजून संताप येतो, माझा स्वतःचाच.

"मग करायचं काय?" मी विचारले.

"हिबा. जिवंतपणी बक्षीस दे. पण नुसता कागद नको, ताबा हवा. किल्ली तिच्या हातात पडली पाहिजे, आणि ती पडेपर्यंत तू जिवंत पाहिजेस. आणि नुसता जिवंत नाही." तो माझ्याकडे बघत राहिला. माझा खोकला त्याने दारातच ऐकला होता. "मरणाच्या आजारात केलेला हिबा मृत्युपत्रासारखाच धरतात. अंथरूण धरलंस तर जहूरचा वकील तेच म्हणेल."

"म्हणजे मासा पाण्यात असेपर्यंत कुणाचाच नाही."

"हातात पडेल त्याचा," तो म्हणाला, आणि मग आम्हा दोघांनाही एकदमच आठवले.

म्हणून हे इथे लिहून ठेवतो, साक्षीदारांसमक्ष: तो हेकरू कमरुद्दीनचा होता. माझ्या मुलीचे घर ज्या कायद्याने तिचे होणार आहे, तोच कायदा माशालाही लागू आहे. मी सहा वर्षे चुकलो. माझी पितळी डबी, तिच्यातल्या सगळ्या गऱ्या, शिसे आणि तंगुसाचा नवा दोर कमरुद्दीनला द्यावा. घशातली ती गरी डबीत वेगळी कापसात गुंडाळलेली आहे.

कलम पाचवे. हे कलम काही देण्याचे नाही, हिशेब राहू नये म्हणून लिहितो. सत्तावीस तारखेलाच हिबानामा झाला. खिळ्यावरची किल्ली काढून मी यूनुसच्या हातात दिली. यूनुस जयगडचाच, मुंबईच्या आगबोटीवर स्वयंपाकी, सुट्टीवर निघाला होता. दुबईहून मुंबई, मुंबईहून जयगड, आणि अजराचे पत्र परत येईपर्यंत तीन आठवडे तरी लागणार. तेवढे दिवस मला आजारी पडायचे नव्हते. दवाखान्यातल्या डॉक्टरने मात्र आदल्याच दिवशी छातीला नळी लावून मान हलवली होती.

आणि नेमकी त्याच आठवड्यात अशी थंडी पडली की इथल्या म्हाताऱ्या लोकांनीही पाहिली नव्हती. सकाळी धक्क्यावर गेलो तर मागचे डोंगर वरून पांढरे. धुऊन वाळत घातलेली चादर कोणी काढायला विसरले असावे तसे. मला आधी वाटले डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. मग शेजारून कमरुद्दीन ओरडला, "बर्फ आहे रे हमदू, बर्फ!" सदुसष्ट वर्षांत मी बर्फ पाहिला तो बंदरावर, भुशात, मासळीवर. आभाळातून फुकट पडलेला पहिल्यांदाच पाहिला. मला खरेच फार आनंद झाला. मरायचे नाही असे ठरवलेल्या माणसाला काहीतरी नवे बघायला मिळावे लागते.

खाडीतले पाणी इतके गार झाले की मासे बधिर होऊन काठाला आले. लोक टोपल्या घेऊन धावले, हाताने गोळा करत होते. तय्यबची बायको पाटी भरून घेऊन गेली. मी एकाही माशाला हात लावला नाही. मला मासे नको होते, मला गरवताना लोकांनी बघायला हवे होते. सकाळी बसायचे, उन्हे वर आली की उठायचे, येता-जाता सगळ्यांना मोठ्याने सलाम करायचा. माझे सलाम त्या महिन्यात जरा जास्तच मोठे झाले असतील, लोकांनी माफ करावे.

रोजे चालू होते. आजारी माणसाला रोजा माफ आहे, म्हणूनच मी एकही रोजा चुकवला नाही. गोळ्या सूर्य बुडाल्यावर घेत होतो. एके दिवशी डोंगरातला युसुफ, ज्याच्या विहिरीचे इंजिन मी दोनदा दुरुस्त केले आहे, तुपाच्या डब्यात बर्फ भरून घेऊन आला. गाढवावरून उतरेपर्यंत निम्मे पाणी झाले होते. "हबीबी, तुझ्यासाठी," म्हणाला. मी हात बुडवून बसलो. हाताची आग थांबली. ताप हातातूनही कळतो हे मला तेव्हा समजले, पण ते मी कोणाला सांगितले नाही. मगरिबची बांग झाली तेव्हा त्याच पाण्याने मी रोजा सोडला. युसुफला माझा चहाचा तांब्याचा किटलीसंच द्यावा.

कलम सहावे, जहूरला. बाळा, हे वाचून तुला राग येईल. तू कंपनीची जीप घेऊन वाळूतून तीन तास आलास, तेव्हा मी धक्क्यावर होतो. तुला तुझेच शब्द आठवावेत म्हणून लिहितो.

"अब्बा, बी सीरियस. डॉक्टर बोलला न्यूमोनिया आहे. दुबईला ॲडमिट करतो, चार दिवसांत डिस्चार्ज. यल्ला, चला."

"मी आजारी नाही."

"टेंपरेचर किती आहे माहीत आहे तुम्हाला?"

"डोंगरावर बर्फ आहे, कमीच असणार."

तू हसला नाहीस. हॉस्पिटलच्या रजिस्टरात एकदा माझे नाव लिहिले गेले असते तर तुझ्या बहिणीचे घर गेले असते, हे मी तुला सांगू शकत नव्हतो. माझी पिशवी भरायला तू खोलीवर गेलास. मी मागून आलो तेव्हा तू भिंतीकडे बघत उभा होतास. वीस वर्षे ज्या खिळ्यावर जयगडची किल्ली होती, तो खिळा रिकामा होता. तू खिळ्याकडे पाहिलेस, मग माझ्याकडे. मी तोंड उघडणार होतो. तू तुझा लोकरी कोट काढलास, माझ्या अंगावर घातलास आणि म्हणालास, "ओके अब्बा. मग निदान हा घालून गरवा."

तुला किती कळले हे मी विचारले नाही आणि विचारणारही नाही. तो कोट मी रोज घातला. तो तुला परत मिळेल, बाहीला शारी माशाचे खवले चिकटले आहेत ते घासून काढ. माझा रेडिओही तुझा. घर मात्र तुझे नाही, आणि तुला ते नको होते असे मी धरून चालतो.

कलम चौथे, पुन्हा. वर ते अर्धवट राहिले होते, ते आज पुरे करतो. काल असरच्या नमाजानंतर अजराचे पत्र आले. कमरुद्दीनने वाचले, कारण माझा चष्मा ओला होता. तिने लिहिले आहे:

"अब्बा, यूनुसभाईंनी किल्ली हातात दिली. कुलूप गंजले होते, खोबरेल घातल्यावर उघडले. तुम्ही बनवलेली कडी तशीच आहे. चूल अजून पेटवली नाही. काल रात्री आतून कडी लावली आणि झोपले. सकाळी उशिरा उठले, मला कोणी उठवले नाही."

ती कडी मी १९३८ साली लाँचच्या जुन्या दांड्यातून घडवली होती. हव्वाबी, माझी बायको, तेव्हा म्हणाली होती की एवढी जाड कडी कशाला, आपल्याकडे चोरण्यासारखे आहे काय. अल्ला तिला जन्नत देवो. कडी कशाला ते आज कळले.

तेव्हा जयगडचे घर या मृत्युपत्रात नाही. ते माझ्या मालकीचे उरलेले नाही. आज मला आजारी पडायची पूर्ण मोकळीक आहे, पण उद्या भरती सकाळी सातला आहे आणि गरीला लावायला कोळंबी आणून ठेवली आहे, म्हणून तूर्त तसा विचार नाही.

वरील सर्व मी वाचून, समजून, राजीखुशीने लिहिले. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, दोन्ही ठिकाणी राग होता, तो काढून टाकला आहे.

मुक्काम रास अल खैमा, तारीख २० फेब्रुवारी १९६४.

सही: हमदुल्ला इसाक होडेकर

साक्षीदार पहिला: तय्यब पावसकर, गॅरेजवाला. लिहून ठेवणार यांनी माझ्यासमक्ष सही केली. पाना मी शोधतो आहे.

साक्षीदार दुसरा: कमरुद्दीन दाऊद मुकादम, मुनीम. मी शपथेवर लिहितो की सत्तावीस जानेवारीपासून एकोणीस फेब्रुवारीपर्यंत, ईदची सकाळ धरून, चोवीसही सकाळी लिहून ठेवणार यांच्या शेजारी धक्क्यावर मी बसलो होतो. ते ठणठणीत होते. त्या दिवसांत बंदरावर लोकांनी जो खोकला ऐकला, तो माझा होता.