सीटच्या मांगं बारा इंच

१४ सप्टेंबर २०२५
ठरलं. पिकअपच्या केबिनमध्ये सबवूफर बसवणार. बारा इंची. कारण शंभर टक्के बिझनेसचं हाय, हे इथं लिहून ठेवतो. दिवाळीनंतर लग्नं लागतात, अन् वऱ्हाड आवाज आयकून गाडी बुक करते. रूपाली म्हणे, वऱ्हाड तं मांगं डाल्यात बसते, केबिनमधला बाजा त्याईले काय कामाचा? बायको हुशार हाय, पण मार्केटिंग तिच्या डोक्याच्या बाहेर हाय.
नाल्याच्या वळणाशी याचा काहीएक संबंध नाई.

१५ सप्टेंबर, सकाळ
वळणाचं लिहूनच टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईन. आमच्या किन्हीराजाहून मालेगावले निघालं की नाल्याजवळ वळण लागते. तिथं केबिनच्या टपावर दोनदा ठक ठक होते. मांगं कोणी नसते.
बाबा जित्ते होते तवा गाडी भरली की मांगं कट्ट्याईवर, म्हणजे पोत्याईवर, बसत. माल एकटा सोडाचा नाई, हा त्याईचा नियम. टपावर एकदा ठोकलं तं चाल, दोनदा ठोकलं तं थांब. फेब्रुवारीत तूर घेऊन गेलो. मार्केटले पोचून मांगं पाह्यलं, तं बाबा कट्ट्याईवर आडवे. हार्ट अटॅक. डॉक्टर म्हणे, रस्त्यात थांबला असता तरी फरक पडला नसता. झालं तं मंग!
आवाज टूलबॉक्सचा हाय. आज नट कसतो.

१६ सप्टेंबर
नट कसले. ठक ठक.

१७ सप्टेंबर
टूलबॉक्स काढून घरीच ठेवला. ठक ठक. म्हणजे ताडपत्रीचा हूक असन. भुताबिताले मी मानत नाई. बारावी सायन्स हाय माहं.

२१ सप्टेंबर
मालेगावात अमरदीपकडे गेलो. गाड्याईत साउंड बसवाचं दुकान हाय त्याचं. त्यानं मोजाचा टेप लावला अन् म्हणे, भाऊ, सीटच्या मांगं साडेपाच इंच जागा हाय, बारा इंची डबा कसा जाईन? सीटखाली चपटा बसव. मी विचारलं, चपट्याचा आवाज टपापर्यंत पोचन काय? तो म्हणे, टपावर कोणाले आयकवतं? या लोकाईले कस्टमरची गरज समजूनच घ्याची नसते.

२८ सप्टेंबर
फिटिंगचा दिवस. माही आयडिया: सीट समोर घ्या. सीट इतकी समोर आली का स्टेअरिंग पोटात, श्वास घेतला की हॉर्न वाजे. तरी डबा जाईना. अमरदीप हसत नव्हता, पण त्याचे खांदे हलून राह्यले होते.
सीट काढली तं खाली बाबाची तंबाखूची चंची सापडली. भरलेली. म्हणजे पाहा! चंची केबिनमध्ये राह्यली, त्याईले तलफ आली, म्हून त्या दिवशी ठोकलं. तंबाखूसाठी मार्केटचा टाइम कोण घालवते? मी गाडी नाई थांबवली, बरोबरच केलं. लय हलकं वाटलं.
चंची खिशात ठेवली. फेकाची हाय, उद्या फेकतो.
डबा शेवटी बाजूच्या सीटवर ठेवला, बेल्ट लावून. धोतर घातलेल्या माणसासारखा दिसते. प्रॅक्टिकल सोल्यूशन.

१ ऑक्टोबर, खंडे नवमी
गाडीची पूजा. मायनं चाकाईले हळदकुंकू लावलं, बोनेटवर नारळ फिरवला, अन् डब्याकडे पाहून म्हणे, हा बसला तं मी कुठं बसू? मी म्हणलो, मांगं बस ना माय, हवा लागते. मायनं डब्यालेही कुंकू लावलं. जुन्या लोकाईचं मन मोठं असते.

३ ऑक्टोबर
जबरदस्त! काच थरथरते, दात थरथरतात, वळण कवा गेलं समजलंच नाई. काहीच आयकू आलं नाई. काय समजाचं ते समजा. म्हणजे बिझनेसले चांगलं हाय.

५ ऑक्टोबर
टेक्निकल अडचण. दोन गाण्याईच्या मधात दोन सेकंद शांतता असते. तेवढ्यातच वाजते. ठक ठक.
उपाय: नॉनस्टॉप मिक्स, ब्याऐंशी मिनिटं, मधात फटच नाई.

११ ऑक्टोबर
बॅटरी बसली, दुसऱ्यांदा. डोकं दुखते. रूपाली म्हणे, जेवताना तू ओरडून काहून बोलतं? एकही वऱ्हाड बुक नाई. मार्केट स्लो हाय.

१६ ऑक्टोबर
सोयाबीनचे कट्टे भरले. माय बँकेच्या कामानं निघाली होती, मांगं कट्ट्याईवर बसली. वळण यायच्या आधीच आवाज फुल केला.
तरी ठोकलं. आज दोनदा नाई, धडाधड, वीस-पंचवीस वेळा. वाटलं, बाबा चिडले. म्हणजे हूक. आवाज वाढवाले गेलो तं वाढवाले जागाच नव्हती. गाडी दामटली.
दोन किलोमीटर गेल्यावर मोटारसायकलवाला आडवा आला. म्हणे, बहिरा हायेस काय बे, मांगं पाह्य!
दोर सुटला होता. तीन कट्टे रस्त्यात पडले होते. माय एका हातानं डाल्याचं लोखंड धरून बसली होती. दुसऱ्या हाताचा तळवा लाल, सुजलेला. बाप्पा!
ती रागावली नाई. रागावली असती तं बरं झालं असतं. एवढंच म्हणे, मी ठोकून राह्यली होती रे. मंग विचारलं, त्या दिवशी त्याईनं ठोकलं होतं काय?
मी म्हणलो, नाई.

१७ ऑक्टोबर, पहाटे
पंधरा सप्टेंबरच्या पानावर डॉक्टरचं लिहिलं हाय, त्यात दुरुस्ती. डॉक्टर तसं म्हणला नव्हता. मी विचारलंच नव्हतं.

२६ ऑक्टोबर
डबा काढला. अमरदीप वापस घेत नाई. रूपालीनं त्यावर गव्हाची कोठी ठेवली. म्हणे, मजबूत हाय, उंदीर चढत नाई. चला, इन्व्हेस्टमेंट वाया गेली नाई.

२ नोव्हेंबर
मायचा हात डॉक्टरले दाखवाले तिले मालेगावले नेलं. ती बाजूच्या सीटवर. गाणं नाई, काही नाई. वळण आलं. मी कान देऊन होतो.
काहीच वाजलं नाई.
मी गाडी थांबवली. माय म्हणे, काहून? मी म्हणलो, इंजिन गरम झालं. पाच मिनिटं बसलो. एक ठोका नाई. इतके महिने पिच्छा पुरवला, अन् थांबलो तं कोणीच नाई!
मायनं खिडकीतून चांगला हात काढून टपावर एकदा ठोकलं. एकदा म्हणजे चाल. चावी फिरवली. टिक टिक. त्या डब्यानं बॅटरीचा जीवच घेतला होता. आता जा म्हणलं तरी जाता येईना.
मंग सांगून टाकलं. ठोकलं होतं माय. दोनदा. मले आयकू आलं होतं. मी थांबलो नाई.
मायनं माह्या मांडीवर तो सुजलेला हात ठेवला अन् म्हणे, तंबाखू मांगत असन रे.
चंची सापडल्यापासून मी सोताले हेच सांगून राह्यलो. पण तिच्या तोंडून आयकलं, तं काही पटलं नाई. मी खिशातली चंची काढून तिले दिली. तिनं उघडून पाह्यली नाई, पदरात बांधली.
पाऊण तासानं एक टेम्पोवाला थांबला, त्यानं धक्का मारला.