दोन खटक्यांची सावधगिरी

३ मार्च, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. फक्त गाडीविषयी. घरातल्या तक्रारी इथे लिहायच्या नाहीत.

गाडी लाल, बसकी, दोन सीटची, छप्पर उघडणारी. दातांच्या डॉक्टरने वापरून विकलेली. तिचं वय अकरा, माझं चौऱ्याहत्तर. दोघांची तब्येत ठणठणीत. फक्त ती ओरडते. थांबताना, वळताना, कधीकधी नुसती चालतानाही मागच्या चाकांतून किंकाळी निघते. गल्लीतली कुत्री आधी भुंकायची, आता नुसती मान वर करून बघतात.

ही म्हणाली, अहो, तिचं ओरडणं थांबेल त्या दिवशी मी बसेन, त्याआधी नाही. चार महिने झाले, एकदाही बसलेली नाही. २८ तारखेला आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. तळ्याकाठच्या हॉटेलात जेवायला जायचं, चाळीस किलोमीटर, छप्पर उघडं, शेजारी ही. एवढ्यासाठीच गाडी घेतली. हिला ते सांगितलेलं नाही.

आणि साडूचा फोन. माझ्या मोठ्या गाडीतून चला म्हणे, दोघी बहिणी मागे ऐसपैस बसतील. मी म्हटलं, बघू. साडूची गाडी इतकी गप्प चालते की संशय येतो.

संकल्प: २८ च्या आत ब्रेक नवे. पॅड आणि डिस्क, दोन्ही. निवड मी स्वतः करणार.

४ मार्च
मला गाडीतलं काय कळतं, असं हिने विचारलं. म्हणून नोंद. मी अडतीस वर्षं लिफ्ट चालवली. सातवी पास आणि सात मजले. एकदाही मजल्याच्या बोटभर वर किंवा खाली थांबलो नाही. ब्रेक म्हणजे ब्रेक. लिफ्ट उभी जाते, गाडी आडवी, एवढाच फरक.

हिने बावीस वर्षं इस्पितळाच्या चादरींची व्हॅन चालवली, म्हणून बोलते. व्हॅनचं वेगळं. चादरी कशाही पोचल्या तरी चालतात.

माझी शिस्त: एक, पस्तीसच्या वर जायचं नाही. दोन, हँडब्रेक कायम दोन खटके वर ठेवायचा. अचानक काही आडवं आलं तर अर्धं काम आधीच झालेलं असतं. तीन, समोर एक लाल दिवा सारखा पेटलेला असतो, तो डोळ्यांत जातो, त्यावर जखमेची चिकटपट्टी लावली आहे. स्पोर्ट्स गाडीला असे दिवे शोभेला देतात.

६ मार्च
मिस्त्रीकडे गेलो. चाकं काढली. मिस्त्री चाकाशी वाकला. मग म्हणाला, काका, पुढचे पॅड नव्यासारखे आहेत, मागचे पार लोखंडापर्यंत गेलेत. जगात उलटं असतं, आधी पुढचे झिजतात.
मी म्हटलं, ही साधी गाडी नाही.
मागच्या डिस्क निळ्या पडल्या होत्या. मोराच्या मानेसारखा रंग. मला आवडला. तो म्हणाला, हा तापल्याचा रंग आहे, हँडब्रेक लावून चालवता का?
मी म्हटलं, अजिबात नाही. दोन खटके म्हणजे लावणं नव्हे.
त्याचा सल्ला: मागे साधे पॅड, साध्या डिस्क टाका, पुढच्यांना हात लावू नका. ऐकून घेतलं. मोठा डॉक्टर असता तर एवढं स्वस्त औषध सांगितलं असतं का?

९ मार्च
स्पेअर पार्टच्या दुकानात दोन तास. डोकं भणभणलं. डिस्क तीन प्रकारच्या: सपाट, खाचांच्या, भोकांच्या. भोकं कशाला, विचारलं. दुकानदार म्हणाला, उष्णता बाहेर पडायला. मग खाचा? पॅडची धूळ झाडायला. मी म्हटलं, मग सपाट डिस्क काय करते? तो म्हणाला, गाडी थांबवते.
एवढ्यावर कोण समाधान मानेल!
पॅडही चार प्रकारचे. सगळ्यात वरचा शर्यतीचा. खोक्यावर ज्वाळा काढल्या आहेत. दुकानदाराने विचारलं, बाबा, किती वेगाने चालवता? हे पॅड तापल्याशिवाय नीट पकडत नाहीत, बाजारहाटाला हे नकोत.  मी नुसता हसलो. मिशी असती तर पीळ दिला असता.
घरी आलो, दुपारी आडवा झालो, डोळा लागेना. भोकं की खाचा? भोकांतून तडा गेला तर? खाचांत खडा अडकला तर?

१० मार्च
निर्णय: भोकं आणि खाचा, दोन्ही असलेल्या. पुढे-मागे चारही चाकांना. पॅड ज्वाळांचे.
आकाश ठेंगणं झालं. हिने विचारलं, अहो, शीळ कसली घालताय? म्हटलं, कळेल.

१४ मार्च
मिस्त्रीने सगळं बसवलं. तोंड आंबट होतं, पण हात सफाईचे. हँडब्रेकची केबलही आवळून दिली. म्हणाला, आता एका खटक्यातसुद्धा चांगली पकडेल. उत्तम. म्हणजे माझ्या दोन खटक्यांत दुप्पट सावधगिरी.
जुने पुढचे पॅड त्याने पुडक्यात बांधून दिले. म्हणाला, ठेवा, अजून तीन वर्षं जातील.
येताना गाडी जड वाटली. नव्या सामानाचं वजन असणार.
आणि किंकाळी? वेगळी आहे. आधी मांजर होतं, आता शिट्टी मारणारी किटली. सुधारणा आहे.

१५ मार्च
खोक्यात एक कागद निघाला. नवे ब्रेक म्हणे बसवून भागत नाही, रुळवावे लागतात. रिकाम्या रस्त्यावर साठच्या वेगाने जायचं, ब्रेक दाबून दहावर आणायचं, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा साठ. असं दहा वेळा. म्हणजे पॅडचा थर डिस्कवर सारखा बसतो आणि आवाज जातो.
साठ!
हिने कागद वाचला. व्हॅनचे ब्रेक आम्ही असेच रुळवायचो, म्हणाली, दर वेळी. मी कागद हातातून घेतला. चादरींचा अनुभव इथे कामाचा नाही.

१७ मार्च, सकाळी ६.३०
जुन्या गोदामांमागचा रस्ता. चिटपाखरू नाही. साठ करायचे ठरवले. पायाने ऐकलं नाही. चौतीसपर्यंत गेलो, घाम फुटला, दहावर आणलं. दोनदा केलं. तिसऱ्यांदा एक बाई कचऱ्याची बादली घेऊन कडेने चालत पुढे निघून गेली. तिने वळून विचारलं, काही मदत हवी का?
हिशेब केला. चौतीस म्हणजे साठच्या निम्म्याहून जास्त. दहाऐवजी वीस वेळा केलं की तेवढंच पडेल.

१९ मार्च
एकूण सहा वेळा झालं. रस्त्यावर पाणी भरायला टँकर उभा होता, कुत्रं आडवं होतं, मान धरली होती.

२१ मार्च
आनंदाची बातमी! फळं आणायला गेलो, परत येऊन मागच्या चाकाजवळ हात नेला तर भट्टी. दुकानदार म्हणाला होता ना, तापल्याशिवाय पकडत नाहीत? तापले! तेही पंचवीसच्या वेगात. शर्यतवाल्यांना यासाठी मैदानं लागतात.
पुढची चाकं मात्र थंडगार. आळशी निघाली.
जिन्यात हिला सांगितलं. हिने नाक वर करून वास घेतला. म्हणाली, अहो, काहीतरी जळतंय. मी म्हटलं, ज्वाळांचे पॅड आहेत, वास येणारच.

२४ मार्च
किटलीची शिट्टी आता शाळेच्या घंटेइतकी. शेजारच्या मास्तरीणबाई खिडकीतून म्हणाल्या, तुमच्यामुळे मला घड्याळ लागत नाही.
ही म्हणाली, परवा ताईला फोन करून सांगते, २८ ला त्यांच्याच गाडीतून जाऊ.
मी म्हटलं, चार दिवस थांब.
ती म्हणाली, चारच.
मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाली, तुम्हाला नक्की कुठे न्यायचंय मला? मी म्हटलं, जेवायला. आणि फडकं घेऊन गाडीकडे गेलो. 

२७ मार्च
उद्या. छप्पर पुसलं. हिच्यासाठी डोक्याला बांधायला रुमाल आणला, निळा, मोराच्या मानेचा. सीटखाली ठेवला.
संकल्प: उद्या तीन खटके. प्रसंग मोठा आहे.

२८ मार्च, सकाळी ९.४०
घाईत लिहितो आहे. ही आत केस बांधते आहे. गाडीत पेट्रोल भरून परत फाटकाशी आलो तेवढ्यात एक लांबलचक किंकाळी, आणि मागच्या डाव्या चाकातून धूर. बारीक, पांढरा. साडूही तळ्यावरच निघालेला, नेमका मागे येऊन उभा. काच खाली करून म्हणाला, काय साडूभाऊ, गाडी चालवताय की चहा उकळताय? मागच्या सीटवर हिची ताई तोंडाला पदर लावून हसते आहे. साडूने मागचं दार उघडून धरलं आहे, हिच्यासाठी.
संपलं. पन्नास वर्षं, आणि मी टोपलीसारखा पुढच्या सीटवर.

२८ मार्च, दुपारी ४
काय घडलं ते नीट लिहायला हवं. 
ही आली. साडूच्या उघड्या दाराकडे बघितलंही नाही. सरळ माझ्या बाजूला आली आणि म्हणाली, सरका.
मी म्हटलं, ती ओरडते आहे.
ती म्हणाली, ऐकू येतंय. सरका.
मी डावीकडे गेलो. ही बसली, सीट पुढे ओढली, आरसा वळवला. मग समोरच्या चिकटपट्टीकडे बोट. हे काय? म्हटलं, डोळ्यांत जातो. तिने नखाने पट्टी सोलली. खालून लाल दिवा. तिने दिव्याकडे बघितलं, मग हँडब्रेककडे, मग माझ्याकडे. पन्नास वर्षांत असं तीनदाच बघितलंय. दोनदा मी चुकलो होतो.
हँडब्रेक पूर्ण खाली टाकला. दिवा विझला. गाडी उतारावर आपोआप चार बोटं पुढे सरकली, जणू कोणीतरी तिचा कान सोडला.
चाक थंड होईपर्यंत आम्ही तिथेच बसलो. तिला सीटखालचा रुमाल सापडला. तिने तो डोक्याला बांधला. मग निघालो.
आवाज नाही. काहीच नाही. वारा.
गोदामांमागच्या रस्त्यावर ती म्हणाली, घट्ट धरा. साठ. दहा. साठ. दहा. मी डोळे मिटून मोजत होतो. सातव्यापासून उघडे ठेवले. आठव्याला ही हसायला लागली, मोठ्याने, लग्नाआधी हसायची तशी. नवव्याला मीही. मागे साडू कधीच दिसेनासा झाला होता. तळ्यावर पोचून आमचं सरबत पिऊन झाल्यावर तो आला, आणि गाडीभोवती फिरून म्हणाला, ब्रेक कुठले टाकलेत हो?
मी म्हटलं, भोकं आणि खाचा, दोन्ही.
 हिने टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला. ब्रेकसारखा. मी थांबलो.

२९ मार्च
मिस्त्रीला गाडी दाखवली. डिस्कवर बोट फिरवून म्हणाला, वा, काय सुंदर रुळवलेत, कोणी चालवली? म्हटलं, आम्ही. तो म्हणाला, काका, एवढं चालवणारं घरात असताना मला आधी का नाही सांगितलं? मग म्हणाला, तुमचे पुढचे जुने पॅड होते ना, तेच पुरले असते.
निष्कर्ष: माझी निवड बरोबर होती, फक्त तिला वाव मिळत नव्हता.

३० मार्च
गाडीची किल्ली आता हिच्या खिळ्यावर. पुढच्या रविवारी डोंगरापलीकडे जायचं आहे म्हणते. येणार का, विचारलं. येणार म्हणालो.
एक नवी अडचण. डावीकडे, माझ्या सीटच्या पायाखालची मॅट उजव्या टाचेपाशी झिजून पत्रा दिसायला लागला आहे. एका दिवसात! तिथे तर ब्रेकही नाही. उद्याच दुकानात जाऊन चांगली निवडून आणायला हवी. भोकांची मिळते का, विचारतो.