बावीस सेकंदांचा मानकरी

मंगळवार, ४ मार्च २०२५
आजपासून रोजनिशी. उद्या कुणी माझं चरित्र लिहायला घेतलं तर तारखांचा घोळ नको.

कारण सकाळची रेडिओवरची बातमी. साइडबोर्ड्स बँडच्या पहिल्या अल्बमला तीस वर्षं झाली म्हणून जूनमध्ये रेकॉर्डची नवी पेटी निघणार. तीन रेकॉर्ड, जाडजूड पुस्तिका, शिवाय टेपवरचं आजवर कुणी न ऐकलेलं सगळं. आणि १४ जूनला इथेच, आमच्या ओल्डम गावच्या पार्कात, कार्यक्रम.

अल्बमचं नाव 'व्हेअर द बस टर्न्स'. पूर्ण नाव ओल्डममध्ये कुणी घेत नाही, नुसतं 'बस' म्हणतात. लग्नात वाजते, मयताला वाजते, फुटबॉलच्या मध्यंतरात वाजते, सुपरमार्केटमध्ये गोठवलेल्या वाटाण्यांपाशी वाजते. चार पोरांनी गालिच्यांच्या गोदामावरच्या खोलीत अकरा दिवसांत उरकलेला अल्बम. तीस वर्षं झाली तरी लोकांचं मन भरत नाही.

असं काय आहे त्यात, असं लोक विचारतात. उत्तर सोपं आहे. त्यात मी नाही.

हे नीट लिहून ठेवतो. साइडबोर्ड्सचा पहिला बास गिटारवाला मी, नील बार्डस्ली. १९९२ ते १९९५. बँडचं नावसुद्धा माझ्या आईच्या साइडबोर्डवरून, म्हणजे भांड्यांच्या बुटक्या कपाटावरून, कारण सराव तिच्या बैठकीच्या खोलीत चालायचा. रेकॉर्डिंगच्या आदल्या आठवड्यात संगीतविषयक मतभेदांमुळे मी बाहेर पडलो. मतभेद असे की त्यांच्या मते रसेल, जो माझ्या जागी आला, माझ्यापेक्षा चांगला वाजवत होता. माझं मत वेगळं होतं.

पुस्तिकेत आता माझं नाव येणार, हे उघड आहे. जॅनिसला सांगितलं. ती म्हणाली, छान, आधी कचऱ्याचे डबे बाहेर ठेव, उद्या निळा डबा न्यायचा वार आहे. अठ्ठावीस वर्षं बायको आहे माझी. इतिहासाची जाण शून्य.

शनिवार, ८ मार्च
सिद्धान्त मांडून ठेवतो, फोन आला की वाचून दाखवता येईल.

तिसरं गाणं. ऐन भरात आलेलं असताना सगळ्या गिटारी एकदम गप्प होतात. नुसता गायक डॉमचा आवाज आणि मागे ग्रिमीचे ड्रम. बावीस सेकंद. मग गिटारी अशा कोसळतात की माणूस खुर्चीतून उठतो. जगभर या बावीस सेकंदांवर लोक जीव टाकतात. एका समीक्षकाने लिहिलं, गिरण्या बंद पडलेल्या गावाने रोखून धरलेला श्वास. एका प्राध्यापकाने चौदा पानं लिहिली. मी सगळी वाचली. माझं नाव नाही, बाकी बरी आहेत.

माझं म्हणणं, ती पोकळी म्हणजे मी. मी गेल्यावर बँडमध्ये जी जागा रिकामी झाली तीच ती. त्यांना स्वतःला कळलं नसेल. कलावंतांना कुठे काय कळतं.

काही लोक म्हणतात, त्या दिवशी खोलीतली वीज गेली होती. असेल. जुनी इमारत. मी तिथे होतो म्हणून सांगतो, वायरिंगचा दोष. शुभेच्छा द्यायला गेलो होतो, मोठ्या मनाने. सगळ्यांना चहासुद्धा केला. असा माणूस आहे मी.

जॅनिसने मी केलेला चहा आजही अर्धा ठेवला. दोन चमचे साखर घालून प्रेमाने हातात द्यायचा, आणि ही अर्धा सिंकमध्ये ओतते. बाईला चव नाही.

बुधवार, १९ मार्च
शोरूममध्ये आज टॅमसिन 'बस'चा टी-शर्ट घालून आली. माझ्यासोबत बाथरूमच्या फरश्या विकते. वय बावीस. म्हणजे अल्बम आला तेव्हा ही जन्माला यायला आठ वर्षं बाकी होती. तिने मला अल्बम समजावून सांगितला. पंधरा मिनिटं. मी समजून घेतला.

मग शांतपणे सांगितलं की मी कोण. ती म्हणाली, काय सांगतोस नील, मग विकिपीडियावर कसा नाहीस तू?

जेवणाच्या सुट्टीत स्वतःला विकिपीडियावर घातलं. दोन ओळी, अजिबात फुशारकी नाही. चार वाजता बघतो तर काढून टाकलेल्या. नॉर्वेतल्या कुणीतरी. पुरावा द्या म्हणतो. माझ्या आईचा साइडबोर्ड अजून आमच्या गॅरेजमध्ये आहे म्हणून कळवलं. उत्तर नाही.

बुधवार, २ एप्रिल
फोन नाही. फोन बिघडला असावा. जॅनिसच्या फोनवरून करून पाहिला. वाजतो.

शुक्रवार, ११ एप्रिल
फोन आला!

पुस्तिकेचं काम करणारी मुलगी. गोड आवाज, लंडनची असावी. सिद्धान्त वाचून दाखवला. चाळीस मिनिटं. ती अधूनमधून हं म्हणत होती. शेवटी म्हणाली, फारच छान, आता जरा किटलीबद्दल सांगाल का?

मी म्हटलं, आवाज कटतोय. ती म्हणाली, मला तर तुमचा स्वच्छ येतोय. फोन ठेवला.

कोणाचा होता, जॅनिसने विचारलं. विम्यावाल्यांचा, म्हटलं.

किटलीचा विषय हिला कुणी सांगितला? त्या विषयात काही अर्थ नाही. एका खोलीत चार अँप्लिफायर आणि एक विजेची किटली. मेन स्विच पडणारच. कुठल्याही शहाण्या माणसाने किटलीला वेगळी वायर टाकली असती. दोष इमारतीचा, हे मी तेव्हाच म्हटलं होतं. आणि कुणीतरी लगेच धावत जाऊन स्विच वर केला, ते कुणाच्याच लक्षात नाही. नियंत्रणाची खोली वेगळ्या लाइनवर, टेप चालूच होती, हा माझा अपराध आहे का?

मंगळवार, ६ मे
देव आहे.

ग्रिमीचा फोन. खुद्द ड्रमवाला ग्रिमशॉ, अठ्ठावीस वर्षांनी. शेवटचा भेटला तो आमच्या लग्नात. आवाज तसाच, तंबाखू खाल्ल्यासारखा. म्हणाला, अरे नील लेका, १४ जूनला ये, तुला स्टेजवर घ्यायचंय, डॉमचीच कल्पना आहे. तिसऱ्या गाण्यात. त्या बावीस सेकंदांत.

म्हटलं, त्या बावीस सेकंदांत? म्हणाला, हो रे, तिथे तूच पाहिजेस. दुसरा कुणी चालायचा नाही.

तीस वर्षांनी ती पोकळी माझ्याच बासने भरायची. सिद्धान्त सिद्ध. बरोबर काय आणू, विचारलं. काही आणू नकोस, सगळं मांडलेलं असेल, म्हणाला. म्हणजे बास तिकडचाच. तारांचा ब्रँड विचारायला हवा होता, पण मोठ्या लोकांनी असल्या बारीक गोष्टीत पडू नये.

जॅनिसला सांगितलं. ती म्हणाली, ग्रिमीने नक्की काय करायला बोलावलंय, ते विचारलंस का? म्हटलं, बाई, दोन संगीतकारांना असलं बोलावं लागत नाही.

शनिवार, १० मे
संकल्प: १) रोज दोन तास सराव. २) चौदा पौंड वजन कमी. ३) चिप्स बंद.

सोमवार, १२ मे
सराव वीस मिनिटं. बोटांना फोड. शेजारच्या बाईंनी भिंत ठोकली. तालावर नाही ठोकली.

चिप्स घेतल्या. बोटं मऊ राहायला तेल लागतं.

मंगळवार, २० मे
पबमध्ये क्विझ. आमच्या टीममध्ये मी, जॅनिस आणि टॅमसिन. संगीताच्या फेरीत प्रश्न: साइडबोर्ड्सचा पहिला बास गिटारवाला कोण? नशिबाने असा चेंडू आयुष्यात एकदाच येतो. मोठ्या अक्षरांत लिहिलं, नील बार्डस्ली. खाली सही केली.

क्विझमास्तरच्या कागदावर उत्तर: रसेल.

मी उठून उभा राहिलो. जॅनिसने बाही ओढली. ओल्डममध्ये माणसाने बायकोशी भांडावं, पोलिसांशी भांडावं, पण क्विझमास्तरशी भांडू नये, हे मला माहीत आहे. तरी म्हटलं, तो पहिला बास गिटारवाला मीच आहे. क्विझमास्तर म्हणाला, बाबा रे, तू इंग्लंडचा राजा असशील, माझ्या कागदावर रसेल आहे. आणि वाद घातला म्हणून आमचे दोन गुण कापले. दोन गुणांनीच हरलो. बक्षिसाचं मटण दंतवैद्यांच्या टीमने नेलं. टॅमसिन अजून धड बोलत नाही.

हरकत नाही. १४ जूनला हाच क्विझमास्तर पार्कात उभा असेल.

रविवार, १ जून
लेदरचं जॅकेट आणलं. बटणं लागत नाहीत. उघडंच घालतात ते. वजन: चार पौंड वाढलं. स्नायू असतील.

शोरूममध्ये साहेबांना सूचकपणे सांगून ठेवलं की १४ नंतर माझ्या वेळा बदलू शकतात. साहेब म्हणाले, १६ तारखेला फरश्यांचा ट्रक येतोय, आठला हजर राहा. ते तेव्हा बघू, असं मी मनात म्हटलं.

शुक्रवार, १३ जून
पेटी बाजारात आली. माझी पोस्टाने आली. उघडली नाही. उद्या कार्यक्रम झाल्यावर जॅनिसच्या साक्षीने उघडणार. दोन आनंद वेगवेगळ्या दिवशी का उरकायचे.

टॅमसिनने दुपारपर्यंत सगळं ऐकलं होतं. वाद मिटलेला दिसला. दात काढत जवळ आली, म्हणाली, नील, चहा ठेवतोस का? दिवसात पाच वेळा. मग गोदामातली पोरंही विचारू लागली. प्रसिद्ध माणसाच्या हातचा चहा प्यायचा असेल. केला.

शनिवार, १४ जून, संध्याकाळी ७
पार्कातल्या तंबूत बसून लिहितोय. माझा बास गाडीच्या डिकीत आहे, असू द्यावा म्हणून. जॅनिस पहिल्या रांगेत. डॉमने मिठी मारली. रसेलला टक्कल पडलंय. रसेल म्हणाला, तुझ्यामुळेच हे सगळं रे नील. चला, त्याला तरी कळलं.

बाहेर आठ हजार माणसं. निम्मी टॅमसिनच्या वयाची. आईबापांच्या गाडीत ऐकून मोठी झालेली असावीत. पहिल्याच गाण्याला असं ओरडलं पब्लिक की कपातला चहा हलला.

बोलावतायत.

त्याच दिवशी, ७.२५
स्टेजवर एक टेबल. त्यावर चौकड्यांचा कपडा, चार मग आणि एक किटली.

बास कुठेच नाही. ग्रिमीकडे पाहिलं. त्याने ड्रमच्या काडीने किटलीकडे बोट दाखवलं.

मी बटण दाबलं. दिवे गेले. गिटारी गप्प. डॉम गातोय. आणि समोरची आठ हजार माणसं एका सुरात ओरडली: मी काही केलं नाही! बावीस सेकंद तेच. मग ग्रिमीने खूण केली, मी स्विच वर केला आणि गिटारी कोसळल्या.

तीस वर्षं वाट पाहिली. टाळ्या माझ्यासाठीच होत्या, त्यात वाद नाही. काटेकोरपणे बघितलं तर मी साइडबोर्ड्सबरोबर वाजवलं. क्विझमास्तर पाचव्या रांगेत होता. उभा राहून टाळ्या वाजवत होता. हसत होता.

आता घरी जातो.

रविवार, १५ जून, सकाळी ११
पेटी उघडली. पान एकतीस, सगळ्यात खाली, बारीक अक्षरात. किटली: नील बार्डस्ली.

त्याखाली ग्रिमीची मुलाखत. नील मनाने सोनं. बास त्याला कधी जमला नाही, आम्ही काढून टाकलं तेव्हा सगळ्यांनाच रडू आलं. पण चहा असा करायचा की त्याला रेकॉर्डिंगला थांब म्हणावंच लागलं.

तिसरी रेकॉर्ड लावली. मूळ टेप, काहीही न पुसलेली. गाणं भरात आलेलं. लांबून एक पोरगा विचारतो, कुणाकुणाला साखर? खटका. गिटारी मेल्या. डॉम थांबत नाही, ग्रिमी थांबत नाही. आणि मागे तो पोरगा किंचाळतो, मी काही केलं नाही! धावण्याचा आवाज. स्विच. गिटारी.

तीनदा ऐकलं. खरं लिहितो, जागा जबरदस्त आहे. अंगावर काटा येतो. मी तो पोरगा नसतो तरी आला असता.

जॅनिस दारात उभी होती. म्हटलं, तुला एक सांगायचंय, मी बँड सोडला नव्हता. ती म्हणाली, माहीत आहे रे. किटलीचंही माहीत आहे. ग्रिमीने आपल्या लग्नातच सांगितलं होतं. म्हटलं, मग इतकी वर्षं मला बोलू का दिलंस? म्हणाली, तुला किती बरं वाटायचं ते सांगताना.

मी रडलो. मग डोळे पुसले आणि उठलो. म्हटलं, तू बस, मी चहा करतो, तो तरी मला येतो, छापून आलंय. नीट उकळलेलं पाणी, दूध, दोन चमचे साखर. तिच्यापुढे कप ठेवला. म्हटलं, आज तरी सगळा पी.

ती मग हळूच म्हणाली, नील, मी साखर सोडून अकरा वर्षं झाली.

सांगितलं का नाहीस, म्हटलं. सांगितलं होतं, म्हणाली, तेव्हाच. दोनदा. तू 'बस'बद्दल बोलत होतास.

दुसरा कप केला. बिनसाखरेचा. सगळा प्यायली.