बाईंशिवाय एकवीस दिवस

३ मार्च, सकाळी ६
आजपासून बाई बंद. चौदा वर्षं त्यांच्याकडे गाणं शिकलो, उपकार आहेतच. पण चोवीस तारखेच्या मैफलीत मी स्वतःची चाल स्वतःच्या गळ्याने गाणार. तोवर क्लास नाही, फोन नाही, त्यांची रेकॉर्डिंग्ज नाहीत. प्रभाव धुऊन निघाला पाहिजे.
बाईंना मेसेज टाकला, घसा बसलाय. खोटं बोललो, पण कलेसाठी.

५ मार्च
बाईंचा फोन. उचलला नाही. बसलेल्या घशाने बोलणार कसा?
संध्याकाळी त्यांनी शेजारणीबरोबर घशाच्या गोळ्या पाठवल्या. कसंतरीच झालं. चार खाल्ल्या. चांगला आराम पडला.

९ मार्च
चाल तयार! शंभर टक्के माझी. वरच्या सा-च्या आधी असा काही थांबतो की ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला. माझ्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाचे डोळे तपासताना सुचली. ते बिचारे चार्टची शेवटची ओळ तीनदा वाचून बसले होते.
बायको म्हणाली, हा थांबा तर बाईंचा. हिला गाण्यातलं काय कळतं? (बाईंकडे ही माझ्याआधी सहा वर्षं शिकत होती. पण तो मुद्दा नाही.)

१४ मार्च
बाईंचे आणखी तीन मिस्ड कॉल. मधले धरून एकूण सात. मनाला लागतं हो. मैफल झाली की लगेच जाऊन पाय धरायचे, ठरलं.
आज रियाज नाही. अपराधी वाटत असलं की सूर लागत नाही, त्याला मी काय करू?

१९ मार्च
ही बाईंना भेटून आली. बाई अंथरुणाला खिळल्यात, धाप लागते. तरी माझ्या घशाची चौकशी केली म्हणे. मी म्हणालो, आता पाचच दिवस राहिलेत, आत्ता गेलो तर सगळं मुसळ केरात. ही उठून भांडी घासायला गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२४ मार्च
थांब्यावर टाळ्या! नंतर एक आजोबा डोळे पुसत आले. म्हणाले, डोळे मिटले तर हुबेहूब बाई.
थँक यू म्हणालो. घरी येऊन तोंड लपवून पडलो.

२५ मार्च
बाईंकडे गेलो. तीन उशांना टेकून बसल्या होत्या. घसा बसलाच नव्हता, हे कबूल केलं. म्हणाल्या, ठाऊक होतं, म्हणून तर साध्या लिमलेटच्या गोळ्या पाठवल्या.
मग त्यांनीच माझी माफी मागितली. फोन त्यासाठीच होते. बारा वर्षांपूर्वी त्यांची फुप्फुसं बिघडली, वरच्या सा-पर्यंत दम पुरेना, म्हणून त्या थांबायला लागल्या. आम्ही शिष्यांनी ते उचललं, लोक त्याला शैली म्हणाले, आणि खरं सांगायची त्यांना लाज वाटली. माझ्या चालीत तरी ते दुखणं यायला नको, असं त्यांना वाटत होतं.
मेल्याहून मेल्यासारखं झालं. विचारलं, मग माझं स्वतःचं असं काय आहे?
म्हणाल्या, न थांबता गा.
गायलो. वरच्या सा-वर आवाज फाटला आणि भलतीकडेच गेला. बाई खोकला येईपर्यंत हसल्या. मी पाणी दिलं. दोन घोट पिऊन म्हणाल्या, पहिल्या दिवशी आलास तेव्हा अस्साच गेला होता. हे मात्र तुझं.