कासारणीचा वकील

माय,

मला तुझा राग येतो. तुला जाऊन एवढी वर्षं झाली, राग धरायला समोर माणूसच उरलं नाही, तरी येतो. काल धारूरकडचा एक जण आला होता. पोराला डॉक्टरी शिकायला हैदराबादेस पाठवायचं म्हणून कर्ज काढतोय, दस्त नीट आहे का बघा म्हणाला. कागद चोख होता. मी व्याजाचं काही विचारलं नाही. देणारा कोण, एवढंच विचारलं. तर म्हणाला, "लई भला माणूस हाय वकीलसाहेब. पैशाची घाईच न्हाई म्हणला." ते ऐकलं आणि मी त्या गरिबावर असा ओरडलो की कारकून आत डोकावून गेला. तो माणूस कागद गुंडाळून निघून गेला. आज पुन्हा येईल असं वाटलं होतं, आला नाही. दुसऱ्या कुणाकडून कागद वाचून घेईल आणि अंगठा देईल. ओरडायचं त्याच्यावर नव्हतंच. ओरडायचं होतं तुझ्यावर, आणि ते मी तुझ्या हयातीत एकदाच केलं.

सगळी गावं ज्यांना मालक म्हणायची त्या सावकारांच्या घरी लग्न होतं तो दिवस मला आठवतो. आपण शिरूरहून पहाटे निघालो होतो. तुझ्या एका खांद्यावर बांगड्यांच्या माळा, दुसरा भार माझ्याकडे. मिसरूड फुटलेला पोरगा आईच्या मागं बांगड्या वाहतो म्हणून वाटेत लोक हसत होते. दिवसभर तू त्या वाड्यातल्या बायकांचे हात भरत बसलीस. जाड हात, कोवळे हात, कामानं राठ झालेले हात. तू प्रत्येकीचा अंगठा आत दाबून पंजा असा निमुळता करायचीस की बांगडी कशी वर गेली ते तिला कळायचं नाही. नवरीच्या हातात चुडा भरून झाला तेव्हा मालक स्वतः ओसरीवर आले आणि म्हणाले, "कासारीणबाई, आज काय मागशील ते देतो."

दुसरी एखादी असती तर लुगडं मागितलं असतं. तू उठलीस, पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "मालक, बांगड्याचे पैसे नकोत. पोराला वकिली शिकवायची हाय. कर्ज द्या."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मला तू काही सांगितलंच नव्हतंस. शाळेत माझी उर्दू चांगली आहे आणि निजामाच्या कचेरीत सगळं उर्दूत चालतं, एवढ्या दोन गोष्टी तू कुठून तरी ऐकल्या होत्यास आणि त्यांची गाठ मारून ठेवली होतीस. मालक हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं, उर्दूत दोन-चार प्रश्न विचारले. मी अडखळत का होईना, उत्तरं दिली. मग ते तुझ्याकडं वळून म्हणाले, "पोरगं कामाचं हाय." बाजारात बैलाचे दात बघून झाल्यावर माणूस म्हणतो ना, तसं. मला तेव्हाच ते खटकलं होतं. तुला नाही खटकलं. येताना तू सारखी म्हणत होतीस, "येक शबुद वाकडा बोलले न्हाईत बघ. घर गहाण लिव्हून द्यायचं, बास. आन वकील झाल्यावर त्यांचीच कामं तुला मिळणार. तुझी फी व्याजात कापून घेणार. म्हंजी कर्जबी फिटंल आन धंदाबी लागंल." मी विचारलं, "आन मुद्दल?" तू म्हणालीस, "ते तू फेडशील की. वकील व्हणार न्हवं का तू?"

मी हैदराबादेला होतो ती वर्षं तू दुप्पट गावं केलीस. इम्तिहान पास होऊन सनद घेऊन आलो तेव्हा तू गल्लीत गूळ वाटलास. पुढच्याच आठवड्यात मालकांचा निरोप आला. मी पाटोद्याच्या कचेरीत त्यांची कामं चालवायला लागलो. कामं म्हणजे वसुलीचे दावे. अमक्यानं घेतलं, दिलं नाही, जमीन द्या. तमक्यानं घेतलं, दिलं नाही, बैल द्या. अर्जी मी लिहायची, मुन्सिफापुढं मी उभं राहायचं, आणि फी म्हणून जे ठरेल ते आपल्या व्याजात जिरायचं. मुद्दल होतं तिथंच. आणि दावे कुणावर? तू ज्यांच्या बायकांचे हात भरलेस त्यांच्यावरच. तूच मला घरी येऊन सांगितलंस, पाण्याचा तांब्या हातात धरून, की एका बाईनं तुला दारातून परत लावलं. "तुझ्या हातच्या बांगड्या नकोत माय, हात बांधल्यावानी वाटतंय," म्हणाली ती. मग दुसरी म्हणाली. मग गावंच्या गावं. तुझ्या खांद्यावरच्या माळा जातील तशाच परत यायला लागल्या. तू त्याचं खापर कुणावर फोडलं नाहीस. मी बोलायला गेलो की म्हणायचीस, "लोकांचं काय, चार दिस बोलत्यात."

दुसऱ्या पक्षकारांची लहानसहान कामं करून मी मुद्दल जमवलं. तूही त्यात पैसे घातलेस, कुठून आणलेस कोण जाणे. निजामाच्या हाली रुपयांची थैली घेऊन आपण दोघं मालकांकडे गेलो. त्यांनी आपल्याला बसायला घोंगडं टाकलं, चहा दिला, थैलीकडं बघितलंसुद्धा नाही. "घाई काय हाय?" म्हणाले. "पोराचं लगीन करा आदी. मी काय पैसे मागाया आलतो का तुमच्या दारात?" तुझे डोळे भरून आले. थैली तू जशीच्या तशी परत आणलीस आणि वाटेनं त्यांचे गुण गात आलीस. मला मात्र त्या दिवशी कळलं की या माणसाला पैसे नकोतच. पैसे त्यांच्याकडे होते. त्यांनी विकत घेतला होता तो वकील, आणि मुद्दल फिटलं असतं तर वकील सुटला असता.

त्या रात्री मी तुझ्यावर ओरडलो. सावकार पैसे घेत नसेल तर ती रक्कम अदालतीत भरता येते, मग त्याला नाही म्हणता येत नाही, घर मोकळं होतं, हे मी तुला तीनदा समजावून सांगितलं. हे शिकायलाच तर तू मला पाठवलं होतंस! तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "ज्यानं हात दिला त्याच्यावर कचेरी करायची? माझ्या जित्त्यापणी न्हाई." मी म्हणालो, "मग मला शिकवलंस कावून?" तू चुलीतलं लाकूड मागं ओढलंस आणि जेवायला वाढलंस. माय, माझा राग हा आहे. कर्जाचा नाही. एवढ्या मोलानं घेतलेली विद्या जिथं एकदाच खरी उपयोगी पडली असती, तिथंच ती वापरायला तू मला बंदी केलीस. आणि मी ती मानली, कारण विद्या तुझ्या पायांवर उभी होती.

मग तेलिणीवरचा दावा आला. बाकी बायकांनी दारं लावली तरी तिनं कधी लावलं नव्हतं. उन्हात तू तिच्याच घाण्याशेजारी टेकायचीस, ती तुला पेंड घालून भाकरी द्यायची, तुझा भार तिच्याकडे निर्धास्त राहायचा. तिच्या नवऱ्यानं मरण्याआधी कर्ज फेडलं होतं. हे मला कुणी बाहेरच्यानं सांगितलं नाही. मालकांच्या मुनिमानंच विडा लावता लावता सांगितलं, "आलेत हो पैसे. पन पावती कुटं हाय तिच्याजवळ? तुमी लिव्हा." अंगठ्याचा कागद त्यानं माझ्यापुढं सरकवला. घाणा आणि बैल जप्त करायचे होते.

मी मालकांकडे गेलो आणि हा दावा मी लिहिणार नाही म्हणून सांगितलं. त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "बरं," म्हणाले. "मंग आपला हिशेब मिटवून टाकू." ज्यांना कधीच घाई नव्हती त्यांना महिनाभरही दम निघाला नाही. एवढ्या दिवसांची माझी फी व्याजाला पुरलीच नाही असं निघालं. मुद्दलाची थैली त्यात गेली आणि तरी बाकी राहिली. शेवटी घर गेलं. दस्तात तसंच लिहिलेलं होतं, आणि तो दस्त वाचून मीच कबूल केलं की कायद्यानं तो बरोबर आहे.

एवढं होऊन तेलीण वाचली असती तर मी हे पत्र लिहायला बसलो नसतो. मालकांनी बीडहून दुसरा वकील आणला. मी तेलिणीच्या दारी गेलो, म्हणालो, तुझ्या बाजूनं मी उभा राहतो, पैसा नको. तिनं मला बसायलाही सांगितलं नाही. "तुमी त्यांच्या ताटातले. आज रुसून आलात, उद्या परत जाल. मी कुटं जाऊ?" मी पुष्कळ सांगितलं. तिनं घाण्याला बैल जुंपला आणि माझ्याकडं पाठ केली. दावा ती एकटीच उभी राहून हरली. बैल नेला त्या दिवशी ती भावाच्या गावी निघून गेली. म्हणजे माझ्या नाही म्हणण्यानं काय झालं? तिचं जायचं ते गेलंच, वर आपलं घर गेलं.

आपण भाड्याच्या खोलीत गेलो तेव्हा तू सामान लावत होतीस. बांगड्यांच्या पेटीत गवत भरत पाठमोरी म्हणालीस, "येवढं करज काढून तू 'न्हाई' म्हनायला शिकलास." बस. माय, ती शाबासकी होती की टोमणा होता? मी तोंड बघायला पुढं आलो असतो तर कळलं असतं. पण माझ्या हातात ट्रंक होती, आणि ट्रंक ठेवीपर्यंत तू दुसरंच काहीतरी बोलायला लागली होतीस, खोलीला खिडकी नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी तू माळा खांद्यावर टाकून निघालीस. या खेपेला दुसऱ्या दिशेची गावं धरलीस, जिथं तुला वकिलाची आई म्हणून कुणी ओळखत नव्हतं. ताप येऊन तू गेलीस, त्याच्या आधीच्या बाजारापर्यंत तू फिरत होतीस. मला विचारायचं होतं. रोज वाटायचं, आज विचारू.

पुढं माझं बरं चाललं. कुणा एकाचा वकील नाही म्हटल्यावर हळूहळू लोक यायला लागले. पोरांच्या शिक्षणाला कर्ज काढणारे बापही येतात. मी त्यांना सांगतो, व्याज किती ते मागाहून बघा. आधी हे विचारा की पोरगं शिकून शहाणं झाल्यावर या माणसाला त्याच्याकडून काय हवंय. ते माना डोलावतात. मग म्हणतात, दुसरं देतंय कोण, साहेब? तुलाही दुसरं कुणी देणारं नव्हतं, हे मला कळतं, आणि कळूनही राग कमी होत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. तेव्हा एक गोष्ट लिहून टाकतो. हैदराबादेहून मी तुला पत्रं लिहायचो, ती शेजारचे गुरुजी तुला वाचून दाखवायचे. खोलीत ओल आहे, जेवण बरं नाही, अभ्यासानं डोकं दुखतं, असंच मी दरवेळी लिहायचो. तू उन्हातान्हात पाय झिजवतेस, मग मीही इथं मजेत नाही हे तुला कळलेलं बरं, असं मला वाटायचं. माय, ते खरं नव्हतं. संध्याकाळी मुसी नदीच्या काठानं मित्रांबरोबर मोठमोठ्यानं वाद घालत हिंडायचो, इराण्याच्या हॉटेलात एका चहावर तासन् तास बसायचो, जन्मात पाहिली नव्हती एवढी पुस्तकं तिथं होती. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात सुखाची वर्षं होती. तेवढं मी तुला सांगायला हवं होतं.